मकडीचा पाय कोणी मोडला

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर तुमच्या नव्या टॅरँटुलाची पेटी दाखवलीत, तेव्हा मी फारसं बोलले नाही. आजी घाबरली, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. तुमच्या बाबांनी मागून जी गोष्ट सांगितली ती ऐकून मी गप्प झाले. "आजोबांनीपण पाळली होती अशी मकडी. मिल बंद पडली आणि आजोबा जरा सटकले. तिचा पाय तोडला, आणि मग मिळालेली नोकरी तिच्यापायी सोडून घरी बसले." तुम्ही हसलात. तुमची आई हसली. तेवढ्यात माझ्याकडचं चित्र अडकलं आणि माझा चेहरा तुम्हाला दिसला नाही, ते बरं झालं.

ही गोष्ट आपल्या घरात कितीतरी वर्षं अशीच सांगितली जाते आहे, आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे हे ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलंय, ते म्हणजे मी. म्हणून आज वही घेऊन बसले. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनी एकही ओळ गाळू नये. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. वाचताना कोण कुठे ओळ गाळतं ते मला फोनवरूनही कळतं.

तुमचे आजोबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये होते. त्यांच्याकडे हवेचं काम होतं. हसू नका. माग चालतात तिथली हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, म्हणून त्या खात्याच्या जमिनीखाली भुयारी नाल्या होत्या. पाण्याच्या फवाऱ्यातून काढलेली ओलसर हवा त्या नाल्यांमधून वर सोडायची. किती सोडायची, केव्हा थांबायचं, हे आजोबा ठरवत. भिंतीवर दोन नळ्यांचा थर्मामीटर असे. एक नळी कोरडी, दुसरीच्या टोकाला ओली वात. दोन्हींच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेत ओल किती ते कळतं. दर तासाला ते आकडे लिहीत. मे महिन्यात सगळं इंदूर होरपळत असताना या माणसाचा शर्ट घरी यायचा तो दमट. मी तो वेगळ्या बादलीत टाकायचे.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही; आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग गेटवर नोटीस. त्याच वर्षांत पेपरात रोज छापून यायचं की देशाची दारं उघडली, आता सगळ्यांची भरभराट. बाजारात परदेशी साबण, परदेशी चॉकलेटं आली, हे खरं आहे. आणि माझ्या वर्गातल्या ज्या मुलींचे वडील मिलमध्ये होते त्या एकेक करून शाळा सोडून गेल्या, हेही खरं आहे. हजेरीपटावर त्यांच्या नावांवर लाल रेघ मी मारली आहे. कोणत्याही पेपराने माझा हजेरीपट मागितला नाही.

नाल्यांची झाकणं काढून आतलं लोखंड भंगारासाठी मोजायला माणसं आली, तेव्हा तुमच्या आजोबांना दाखवायला बोलावलं होतं. एका नालीच्या कडेला, विटांच्या फटीत, ही मकडी निघाली. तळहाताएवढी, तपकिरी, केसाळ. लोकांनी मारायला चपला काढल्या. आजोबांनी जेवणाच्या डब्याचा खालचा पुडा तिच्यावर उपडा घातला, खालून पुठ्ठा सरकवला, आणि ती घरी आणली. मला काही न सांगता डबा ओट्यावर ठेवून ते आंघोळीला गेले. मी नेहमीप्रमाणे डबा घासायला उघडला. पुढचं लिहीत नाही.

"अहो, हे काय आहे?"

"नालीतली आहे. पाणी बंद केलं ना त्यांनी, सुकून मरेल."

मिल बंद झाल्यापासून ते माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. तोपर्यंत सकाळी दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहायचं, एवढंच चाललं होतं. जेवायला हाक मारली तर जेवायचे. पान नाही वाढलं तरी विचारलं नसतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं की ही मकडी मरता कामा नये. मकडीवर माझं प्रेम नव्हतं, आजही नाही. पण ती मेली तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि उठणार नाही, हे मला दिसत होतं.

मी कामाला लागले, आणि माझ्यासारख्या बाईने जे करायचं तेच केलं. तुकोगंजमधल्या आमच्या शाळेच्या ग्रंथालयातून प्राण्यांवरचा जाड इंग्रजी ग्रंथ काढला. त्यात टॅरँटुलाचं रंगीत चित्र होतं, आणि खाली लिहिलं होतं की ही कोरड्या, उष्ण प्रदेशात राहते. ते अमेरिकेतल्या वाळवंटाबद्दल आहे, हेही तिथेच छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. इंग्रजीत छापलंय म्हणजे सगळ्या जगाला लागू, असं माझ्या पिढीच्या शिकलेल्या माणसांना वाटायचं. तुमच्या आजोबांना, जे त्या मकडीच्या घराची हवा वीस वर्षं मोजत होते, त्यांना मी एक शब्द विचारला नाही.

पूर्वी जिथे मिलच्या कापडाचं दुकान होतं, तिथे माशांच्या काचपेट्यांचं नवीन दुकान निघालं होतं. तिथे गेले.

"मॅडमजी, गोल्डफिश देऊ का? एकदम शांत रहती है."

"मासा नको. मकडी आहे."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पर्सकडे बघितलं. "मकडी तो भगाने की चीज है, मॅडमजी."

"आमच्याकडे राहायला आली आहे."

"तो फिर पूरा सेट ले जाव. रेती, लाइट, महल. मेहमान है भिया, ऐसे थोडी रखेंगे."

इंदुरात बाईलाही 'भिया' म्हणतात. मी पूरा सेट आणला. पांढरी वाळू धुऊन, वाळवून, सपाट पसरली. प्लास्टिकचा महाल मधोमध ठेवला. वर दिवा लावला. पेटीवर तारीख आणि जेवणाचे वार लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. रोज सकाळी काच पुसायची, आठवड्याला वाळू बदलायची, असं ठरवलं. इतकी नीटनेटकी खोली त्या घरात माझ्या मुलालाही मिळाली नव्हती.

मकडी कोपऱ्यात काचेला चिकटून राहिली. वाळूवर पाय टेकायला तयार नाही. दोन पाय वर उचलून, दिव्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन, चार दिवस तशीच. पाचव्या दिवशी तुमचे आजोबा खुर्चीतून उठले, पेटीसमोर खाली बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"अगं, ही हिची खोली नाही. ही तुझी खोली आहे."

"पुस्तकात असंच दिलंय."

"पुस्तकातली वेगळी. ही आमच्या खात्यातली."

"मग काय करायचं?"

"आधी तो दिवा बंद कर."

त्या दिवशी त्यांनी माझी पिठाची चाळणी घेतली आणि अंगणातली माती चाळली. मी आदल्याच आठवड्यात आणलेलं काथ्याचं पायपुसणं त्यांनी विळीवर बारीक कापलं आणि मातीत मिसळलं. महाल बाहेर, वाळू बाहेर. पेटीत जवळजवळ वीतभर माती दाबून भरली. मी म्हटलं, इतकी कशाला, वर जागाच उरत नाही. ते म्हणाले, वर जागा नकोच. ही काचेवर चढून उंचावरून पडली तर पोट फुटून मरेल, हिला खोली हवी ती खाली. फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा मातीत तिरपा पुरला. मातीची एक बाजू ओली केली, दुसरी कोरडी ठेवली. "तिला हवं तिथे ती बसेल. आपण कोण सांगणारे." पाण्याला बरणीचं झाकण. वर बारीक जाळी, चारी बाजूंनी घट्ट बांधलेली. मिलमधून आणलेला दोन नळ्यांचा थर्मामीटर त्यांनी पेटीशेजारी खिळ्याला टांगला आणि वात भिजवली.

दुसऱ्या सकाळी कुंडीखाली बोगदा तयार होता. तोंडाशी रेशमाचं अस्तर. मकडी आत.

म्हणून सांगते, तुमच्या पेटीतली ती प्लास्टिकची कवटी आणि लाल दिवा काढून टाका. माती वाढवा. ती दिसत नाही अशी तक्रार करू नका. दिसत नाही म्हणजे ती बरी आहे. हातावर घेऊन फोटो काढू नका. तिला तुमचा लळा लागणार नाही, आणि लागावा अशी अपेक्षा करणं हा उद्धटपणा आहे.

खाण्याचं मात्र मला फार जड गेलं. माझ्या स्वयंपाकघरात झुरळ नव्हतं, याचा मला अभिमान होता. आता झुरळं धरून आणावी लागत, आणि औषध फवारलेलं झुरळ खाल्लं तर ती मरेल म्हणून मला फवारा बंद करायला लावला. तीन महिन्यांत माझ्या ओट्याखाली मिशा हलू लागल्या. मी ते सहन केलं. कारण तुमचे आजोबा आता रोज सहा वेळा उठून आकडे बघत आणि माझ्या शाळेतल्या कोऱ्या वहीत लिहीत. चहा पिताना "आज फार कोरडं आहे" असं आपणहून म्हणत. भाजीला जाऊ का, विचारत.

हे बघून लोक काय म्हणाले? त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तुमच्या बाबांचे काका, बँकेत होते. दर रविवारी येत. पेटीवर वाकून म्हणाले, "दादा, मिलनं तुला काढलं आणि तू मकडीला कामावर ठेवलंस काय? पगार देतोस की नाही तिला, भिया?"

आजोबा म्हणाले, "ती मागत नाही."

"वहिनी, तुम्ही तरी शिकलेल्या आहात. याला डॉक्टरकडे न्या एकदा. आजकाल सब होता है, लाजायचं काय त्यात."

गल्लीत पसरायला तेवढं पुरे झालं. मला आजही याचा संताप येतो. चांगले चालते माग ज्यांनी भंगाराच्या भावाने तोलून दिले, त्यांना कोणी डॉक्टरकडे न्या म्हटलं नाही. त्यांचे सत्कार झाले. आणि ज्याने एका जिवासाठी हवा नीट ठेवली, तो वेडा.

वर्षभराने मकडीने खाणं सोडलं. आजोबांनी वहीत लिहिलं: "खात नाही. पोट काळं पडलंय. कात टाकेल. धक्का लावू नये." ही ओळ मी वाचली होती. स्वच्छ मराठीत, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. कात म्हणजे सापासारखी, सरपटत बाहेर येईल, असं मी धरून चालले.

तो शनिवार होता. आजोबा पोलोग्राउंडला, कारखान्यांच्या वस्तीत, गेले होते. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये पाण्याचे कूलर बनत, आणि मालकाला ओल्या हवेचं गणित कळणारा माणूस हवा होता. मी दुपारी शाळेतून आले. तुमचे बाबा तेव्हा पुण्याला शिकायला होते. घरात मी एकटी.

मकडी उताणी पडली होती. आठही पाय वर.

माझ्या घरात उलटं काही राहत नाही. दारात चप्पल उलटी पडली तर घरात भांडण होतं म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण जाता-येता चप्पल मी पायाने सरळ करतेच. वही आठवली नाही असं नाही. आठवली. तरी हात थांबला नाही. पापड भाजायचा चिमटा घेतला, जाळी सोडली, आणि तिला सरळ करायला गेले.

ती मेलेली नव्हती. कात टाकण्यासाठीच ती उताणी होते, आणि त्या वेळी तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. जुन्या कातीतून अर्धी बाहेर आलेली होती. चिमट्यात एक पाय राहिला. जिथून तुटला तिथे एक निळसर थेंब आला आणि वाढत गेला.

मी जाळी बांधली. चिमटा घासून खुंटीला लावला. मग टेबलाशी बसून वह्या तपासल्या. सात वह्या तपासल्या, हे मला आठवतं, आणि त्यातली एकही चूक माझ्या नजरेतून सुटली नाही.

आजोबा आले ते हातात कचोऱ्यांचा पुडा घेऊन. काम मिळालं होतं, सोमवारपासून. दारातूनच त्यांनी पेटीकडे बघितलं आणि पुडा खाली ठेवला.

"उताणी होती?"

"हो."

"मग?"

"मी सरळ केली."

ते पेटीपाशी खाली बसले आणि म्हणाले, "आरारूट आण." काडीला कापूस गुंडाळून, त्यावर आरारुटाची पूड घेऊन, श्वास रोखून त्यांनी त्या जखमेवर टेकवली. दोनदा, तीनदा. थेंब थांबला. मग उरलेली कात कोमट पाण्याच्या थेंबांनी भिजवत, ओढाताण न करता सुटू दिली. पेटीवर ओलं फडकं घातलं आणि शेजारी बसले.

रविवारी सकाळी धाकटे भाऊ अभिनंदन करायला आले. फडकं उचलून बघितलं.

"दादा, हिचा एक पाय कुठे गेला?"

मी चहा घेऊन येत होते.

"माझ्या हातून तुटला," आजोबा म्हणाले. "चिमट्याने खायला घालत होतो."

"आणि आता तिच्या उशाशी बसलायस. उद्या कामावर जाणार ना?"

"उद्या नाही. ही पाणी पिईपर्यंत नाही."

मी कप भावोजींसमोर ठेवला आणि म्हणाले, "साखर कमी आहे का बघा." त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं वाक्य हे. सांगायला हवं होतं ते दुसरंच होतं.

ते गेल्यावर मी विचारलं, खोटं का बोललात. आजोबा म्हणाले, "मला त्यांनी आधीच वेडा ठरवलंय. त्यात एका पायाने काय वाढणार? तुला अजून शाळेत जायचंय." आणि मी ते घेतलं. "वहिनी आहे म्हणून घर उभं आहे" असं सगळे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं. खरं कारण इतकंच आहे. इतरांवर मी एवढी रागावते, तर हेही इथेच लिहून ठेवते.

मंगळवारी मकडी पुढे सरकली आणि झाकणातलं पाणी प्यायली. बुधवारी आजोबा पोलोग्राउंडला गेले. दोन दिवस उशीर झाला म्हणून माफी मागू लागले तर मालक म्हणाला, "आव भिया, कूलर कहीं भाग थोडी रहे हैं." तिथे त्यांनी पुढे अकरा वर्षं काम केलं. तुमच्या बाबांच्या गोष्टीत हा बुधवार नसतो. काकांनी त्यांना पुण्याला फोनवर सांगितलं ते सोमवारपर्यंतचंच. आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. आजोबांच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीत काकांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली, लोक हसले, आणि मी तेव्हाही वाढत राहिले.

तेव्हा आता तुमच्या बाबांनी इथे थांबून तुम्हाला मोठ्याने सांगावं: पाय आजीने मोडला. आजोबा वेडे नव्हते. त्यांनी नोकरी सोडली नाही.

मकडी त्यानंतर आठ वर्षं जगली. पुढच्या वेळी कात टाकली तेव्हा तुटलेल्या जागी नवा पाय निघाला, बारीक आणि अपुरा. त्याच्या पुढच्या खेपेला तो जवळजवळ बाकीच्यांएवढा झाला. प्रत्येक वेळी ती उताणी झाली की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे आणि आजोबा हाक मारीपर्यंत बाहेर येत नसे. कात पूर्ण सुटली की ते ती ब्रशने उचलत, ओली असतानाच टिपकागदावर पाय पसरून सुकवत. बऱ्याचशा कातींचा पुढे भुगा झाला. एक अजून माझ्या कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापसावर आहे. तिला आठ पाय आहेत. त्यातला एक आखूड आहे.